नाक ठीक, जीभ ठीक

या वेळी कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही, असा ठराव स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी एकमताने मंजूर झाला. सभेला दोनच सभासद हजर होते, धाकटी आणि तिचा नवरा. ठराव धाकटीने मांडला, नवऱ्याने अनुमोदन दिलं. तेवढ्यात दार वाजलं म्हणून तो उघडायला गेला, तर दूधवाल्याकडे बघून इतका गोड हसला की दूधवाला आपल्या शर्टाची बटणं तपासायला लागला. गुप्ततेची सुरुवात ही अशी झाली.

धाकटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. बिस्किटांच्या एका कारखान्यात चव-खोली नावाची एक खोली होती. तिथे बसून बिस्किटांची चव बघणाऱ्या चौघांत ती वयाने सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. आता तिशी उलटली होती, केसांत एक पांढरा दिसून गेला होता (तो तिने उपटला, ही गोष्ट वेगळी), तरी नाव कायम होतं. कारखान्यात माणसाला बढती मिळते, टोपणनावाला मिळत नाही.

चव-खोलीबद्दल लोकांचे फार गोड गैरसमज असतात. दिवसभर बिस्किटं खायची आणि वर पगार घ्यायचा, यापेक्षा सुखाची नोकरी ती कोणती, असं धाकटीच्या वहिनीला कायम वाटायचं. प्रत्यक्षात ती खोली म्हणजे परीक्षेचा हॉल होता. फळ्या ठोकून केलेले चार कप्पे, प्रत्येकात एक खुर्ची, एक नळ आणि डोक्यावर एक लाल दिवा. लाल अशासाठी, की बिस्किट फिकं आहे की करपलंय ते डोळ्यांना कळू नये. समोरच्या झरोक्यातून वाट्या यायच्या. वास घ्यायचा, तुकडा चावायचा, विचार करायचा, गुण द्यायचे आणि थुंकून चूळ भरायची. अत्तर नाही, पावडर नाही, कांदा खाऊन यायचं नाही. आणि सगळ्यांत कडक नियम असा, की सगळ्यांचे गुण देऊन होईपर्यंत आपलं मत दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. शब्दाने तर नाहीच, भुवईनेही नाही. एकाने नाक मुरडलं की बाकीच्यांनाही तोच वास यायला लागतो, असं मोठ्या बाईंचं म्हणणं होतं.

मोठ्या बाई या खोलीच्या प्रमुख. ठेंगण्या, करड्या आवाजाच्या. निवृत्तीला आल्या होत्या, पण निवृत्तीची त्यांच्याकडे यायची हिंमत होत नसावी. रोज सकाळी त्या चौथ्या कप्प्यात बसायच्या आधी प्रत्येकासमोर उभ्या राहून विचारायच्या, "नाक ठीक? जीभ ठीक?" सर्दी असो, दात दुखत असो की घरी भांडण होऊन तोंड कडू झालेलं असो, ते तिथल्या तिथे सांगायचं आणि त्या दिवसापुरतं उठायचं. बाई स्वतःलाही विचारायच्या आणि स्वतःच "ठीक" म्हणायच्या. चौघांपैकी तिघं ठीक नसली तर त्या दिवशी चव बघणं बंद.

गरोदर बाईला मात्र दिवसापुरतं नाही, बाळंतपण होईपर्यंत उठावं लागायचं. अशा दिवसांत नाकाचा भरवसा नसतो, हे त्यामागचं शास्त्र. तिला कचेरीत बसवत, आणि ती कचेरीत दिसली की भट्टीपासून फाटकापर्यंत सगळ्यांना कारण कळायचं.

मागच्या वेळी धाकटीने दुसऱ्याच महिन्यात, हरखून जाऊन सांगितलं होतं. ती कचेरीत गेली, आणि महिना व्हायच्या आत परत आपल्या कप्प्यात येऊन बसली. पोटातलं गेलं होतं. ते दुःख एकदाच झालं, पण सांगणं एकदाच होत नाही. ज्याला ज्याला आनंदाने सांगितलं, त्याला त्याला पुन्हा गाठून उलटं सांगायचं आणि समोरच्या चेहऱ्यावरचं हसू जाताना बघायचं. जे सांगायचे राहून गेले, ते तर जास्तच जड गेले. पॅकिंगमधले काका, अगदी भला माणूस, कितीतरी महिन्यांनी जिन्यात भेटले आणि म्हणाले, "काय मग, मुलगा की मुलगी?" धाकटीच्या तोंडून "मुलगी" असं निघून गेलं. तेव्हापासून काका भेटले की "लेक कशी आहे?" विचारायचे आणि ती "मजेत" म्हणायची. हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

म्हणून या वेळी तिसरा महिना संपून डॉक्टरीणबाई सोनोग्राफी करून "आता सांगायला हरकत नाही" म्हणेपर्यंत तोंडाला कुलूप.

पहिल्या सकाळी बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "नाक ठीक? जीभ ठीक?"

"ठीक," धाकटी म्हणाली. इतक्या वर्षांत त्या खोलीत बोललेलं हे तिचं पहिलं खोटं. त्यानंतर पंधरा मिनिटांत लोण्याच्या बिस्किटांची वाटी आली आणि धाकटी तोंडावर हात धरून मोरीकडे पळाली.

परत आली तर कप्प्याबाहेर पेन्सिल उभा. हा पहिल्या कप्प्यातला सभासद. कानावर कायम पेन्सिल अडकवलेली, स्वभावाने मायाळू, आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्याच्याकडे स्वतःवर करून बघितलेला उपाय तयार.

"पित्त?" त्याने विचारलं.

बुडत्याला कुणी हात द्यावा तसं तिला झालं. "हो, पित्तच," ती म्हणाली.

आता पित्त हा शब्द किती जपून वापरायचा असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ताप आला म्हटलं तर लोक "काळजी घ्या" म्हणून पुढे जातात. पित्त म्हटलं की थांबतात, खुर्ची ओढतात. दुपारपर्यंत कारखान्यातले सगळे पित्तवाले आपापले अनुभव घेऊन चव-खोलीच्या दाराशी जमले. कुणी म्हणालं थंड दूध, कुणी म्हणालं दूध तर मुळीच नको. हिशेबनीस म्हणाले, डाव्या कुशीवर झोपा. त्यांच्या हाताखालची म्हणाली, उजव्या. आणि दोघं तिथेच वादाला पडले. दुसऱ्या कप्प्यातल्या आत्या, ज्यांना घरीदारी सगळेच आत्या म्हणायचे, एक काढा घेऊन आल्या. तो नुसता हुंगूनच धाकटी दुसऱ्यांदा मोरीवर गेली.

"बघ, लगेच उतरतंय," आत्या समाधानाने म्हणाल्या.

इकडे घरात नवऱ्याची वेगळीच तऱ्हा. त्याला गुपित ठेवणं म्हणजे तोंड बंद ठेवणं इतकंच वाटत होतं, आणि तोंड सोडून त्याचं बाकी सगळं शरीर बोलत होतं. बायको जिना उतरताना तो खालच्या पायरीवर हात पसरून उभा राहायचा. तिची पिशवी तो धरायचा, छत्री तो धरायचा, एकदा तर फाटकाशी तिला सोडताना तिचा रुमालही त्याच्याच हातात होता. पहारेकऱ्याने विचारलं, "बाईंचा हात मोडलाय का?" तर म्हणाला, "नाही, नाही, काहीच झालेलं नाही," आणि 'काहीच' इतक्या जोरात म्हणाला की फाटकातली सायकलवाली मंडळी थांबून बघायला लागली.

हे सगळं कसंबसं निभावलं असतं. पण मळमळीबरोबर धाकटीच्या नाकाला भलतीच धार आली, आणि तिथून प्रकरण हाताबाहेर गेलं.

एके दिवशी साध्या ग्लुकोजच्या बिस्किटांना बाकी तिघांनी आठ-आठ गुण दिले आणि धाकटीने दोन. कारण दिलं, 'ओल्या पुठ्ठ्याचा वास'. मोठ्या बाईंनी तीच बिस्किटं दुसऱ्या वाट्यांत मिसळून पुन्हा पाठवली. धाकटीने पुन्हा बरोबर तीच वाटी बाजूला काढली. बाई उठल्या, गोदामात गेल्या, आणि खोक्यांच्या थप्पीमागे गळका नळ सापडला. खालची खोकी भिजून मऊ झाली होती. माल बाजारात जायच्या आत वाचला.

साहेब खूश झाले. साहेब म्हणजे उंच, उत्साही माणूस. एखाद्या गोष्टीने ते खूश झाले की त्या गोष्टीचं काही खरं नसायचं. त्यांनी धाकटीला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "तुमचं नाक म्हणजे या कारखान्याचं भांडवल आहे. इतके दिवस कुठे लपवलं होतंत?"

त्या दिवसापासून कारखान्यात कुठेही वास आला की "त्यांना बोलवा". साहेबांच्या गाडीत पेट्रोलचा वास येतो का, बघा. केबिनच्या एसीत काही मेलंय का, बघा. (मेलं होतं.) धाकटी नाकाला पदर लावून फिरायची आणि जाईल तिथे कुणाचं ना कुणाचं पितळ उघडं पडायचं. भट्टीवाल्याने सिगारेट सोडली नसल्याचं सगळ्यांसमोर कळलं. हिशेबनिसांच्या खणात तळलेली मासळी निघाली. पेन्सिलने केस रंगवायला सुरुवात केल्याचं तर तिने नुसतं जवळून जाताना ओळखलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून त्यानेही ते ओळखलं. आपलं एक गुपित सांभाळता सांभाळता आपण सगळ्यांची गुपितं चव्हाट्यावर मांडतोय, याची तिला मनापासून लाज वाटत होती. पण करणार काय? नाही म्हणायला कारण लागतं, आणि कारण एकच होतं.

त्यातच चव-खोलीत काहीतरी बिनसल्यासारखं वाटायला लागलं. धाकटीच्या झरोक्यातून वाट्या कमी येऊ लागल्या. लोणी, मलई, कॉफी हे सगळं बाकीच्यांच्या कप्प्यांत जायचं, तिच्याकडे येताना नुसती खारी बिस्किटं. एक दिवस तिच्या कप्प्यात खुर्ची बदललेली दिसली, पाठीला उशी असलेली. दुसऱ्या दिवशी कधीही न उघडणारी मागची खिडकी उघडी. नळाशेजारी कापलेलं लिंबू. आत्या तिच्या आधी येऊन वाट्यांचा ट्रे स्वतः उचलायच्या, आणि त्यांच्या हातून पेन्सिल तो ओढून घ्यायचा, आणि दोघंही एकमेकांकडे रागाने बघायची.

धाकटीने याचा अर्थ लावला तो असा, की आपल्याला हळूहळू बाजूला सारतायत. नाक फार मोठं झालं म्हणून खोलीतल्यांना ते खुपतंय. अपमानाने ती तडक बाईंसमोर गेली.

"बाई, माझ्या वाट्या कमी का?"

"तुझ्या वाट्या तू बघ," बाई मान वर न करता म्हणाल्या.

"मला सारखी खारीच का?"

"खारीलाही कुणीतरी लागतं."

धाकटी मोरीत जाऊन रडली. उलटीसाठी गेली होती, ती राहिली आणि रडूच आलं. अकरा वर्षं इमानाने जीभ झिजवली आणि शेवटी आपली किंमत खारी बिस्किटांइतकी. घरी तिने नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पण तुला खारीच तर सोसतात ना?" यावर ती त्याच्याशी जेवण होईपर्यंत बोलली नाही.

आणि मग साहेबांनी ती घोषणा केली. एक बडा व्यापारी यायचा होता, शेकडो दुकानांना माल पुरवणारा. त्याच्यासमोर चव-खोलीचं प्रात्यक्षिक. धाकटीच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, समोर नव्या कॉफी-मलईच्या बिस्किटांच्या वाट्या, आणि तिने वासावरून जुना माल, नवा माल ओळखून दाखवायचा.

कॉफी-मलई. ते नाव नुसतं ऐकून धाकटीच्या पोटात ढवळलं. सोनोग्राफी पुढच्याच आठवड्यात होती. एवढे दिवस काढले आणि आता सगळ्यांसमोर, डोळ्यांवर पट्टी बांधून, बड्या व्यापाऱ्याच्या बुटांवर बिंग फुटणार, याबद्दल तिला शंका उरली नाही. आणि नंतर काही बरंवाईट झालं तर त्या व्यापाऱ्यापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना पुन्हा तोंड दाखवायचं.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी खोलीत साहेब नवा टाय लावून आले. व्यापारी जाडजूड, पांढऱ्या कपड्यांतला, हातात मोठा रुमाल. झरोक्यापलीकडे वाट्या मांडलेल्या, आणि झाकणं असूनही धाकटीला प्रत्येक वाटीतला वास येत होता.

मोठ्या बाई शिरस्त्याप्रमाणे पेन्सिलसमोर उभ्या राहिल्या. "नाक ठीक? जीभ ठीक?"

"नाही, बाई," पेन्सिल म्हणाला. "सर्दी झालीय." आणि पुरावा म्हणून तो शिंकला.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. बाई आत्यांकडे वळल्या.

"दाढ ठणकतेय," आत्या गालावर हात ठेवून म्हणाल्या. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

पेन्सिलने आत्यांकडे चमकून बघितलं. बाई धाकटीसमोर आल्या. "नाक ठीक? जीभ ठीक?"

धाकटीचं डोकं चालेना. दोघं आजारी, आपणही नाही म्हटलं तर साहेब डॉक्टर बोलावतील, डॉक्टर नाडी बघेल, आणि नाडी काय बोलेल देव जाणे. "ठीक," ती म्हणाली. अख्ख्या खोलीत खरोखर ठीक नसलेली ती एकटी, आणि ठीक म्हणणारीही ती एकटी.

"झालं तर मग," साहेब हात चोळत म्हणाले. "या आहेत आणि बाई आहेत. बांधा पट्टी."

"थांबा," बाई म्हणाल्या. "मला कुणी विचारलं नाही. माझंही नाक बंद आहे."

बाईंचं नाक बंद झालेलं आजवर कुणी बघितलं नव्हतं. एकदा त्या ताप अंगात घेऊन आल्या होत्या, तेव्हाही नाक ठीक होतं.

"तिघं ठीक नसली की चव बघायची नाही," बाई म्हणाल्या. "या खोलीचा नियम आहे."

"अहो, पण या एकट्या पुरेशा आहेत," साहेब म्हणाले. "चला, चला."

पण व्यापारी एव्हाना रुमाल नाकाला लावून दारापर्यंत मागे सरकला होता. "साथ दिसतेय इथे," तो रुमालातून म्हणाला. "एकटी धडधाकट आहे तिला तरी कशाला यांच्यात बसवताय? घरी पाठवा. माल मी तिकडे केबिनमध्ये खाऊन बघतो." त्याने केबिनमध्ये दोन पुडे संपवले आणि ऑर्डर दिली. नाकाचा संबंधच आला नाही.

साथीचा मात्र साहेबांनी धसका घेतला. संध्याकाळपर्यंत चव-खोली फिनेलने धुऊन काढली, भिंतीसकट. आता फिनेल प्यायलेल्या खोलीत बिस्किटाचा वास कुणाला कळणार? खोली बंद करावी लागली. चौघांना व्हरांड्यात बसवलं आणि बिस्किटांवर नक्षी उठवायचे जुने छाप मोजायला दिले. मोकळी हवा, समोर झाड, आणि वास कशाचाच नाही. धाकटीला एकीकडे हसू येत होतं आणि एकीकडे त्या सर्दीच्या जंतूंचे पाय धरावेसे वाटत होते. काय वेळेवर आले. आपण किती सफाईने हे सगळं निभावलं, असा थोडा अभिमानही तिला वाटला, आणि तो तिने नवऱ्याजवळ बोलूनही दाखवला.

व्हरांड्यात पेन्सिल आत्यांना रोज दाढेसाठी लवंग आणून द्यायचा. आत्या ती निमूटपणे गालात धरायच्या आणि त्याला वाफ घ्यायला लावायच्या. मोठ्या बाई अधूनमधून नाक ओढायच्या, पण फक्त कुणी बघत असलं तर.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर एक धडधडणारा ठिपका दाखवला आणि म्हणाल्या, "छान आहे. आता सांगितलंत तरी चालेल." नवरा तिथेच रडला. बाहेर येऊन त्याने रिक्षावाल्याला सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी खोली उघडली. फिनेल उडून गेलं होतं. बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "नाक ठीक? जीभ ठीक?"

"नाही, बाई," धाकटी म्हणाली. "नाक ठीक नाही. आणखी सहा महिने तरी होणार नाही."

"अगं बाई," आत्या म्हणाल्या, आणि दोन्ही हात गालांवर नेले. पेन्सिलने कानावरची पेन्सिल पाडली. दोघांचाही अभिनय इतका सुमार होता, की धाकटीला एका क्षणात उशीची खुर्ची, लिंबू, खिडकी, सगळं ओळीने आठवलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"मला पहिल्या दिवसापासून," पेन्सिल म्हणाला. "पित्त निघालं म्हणून कुणी इतकं खूश होत नाही. खिडकी मी उघडली." आणि मग आत्यांकडे वळून, "म्हणजे तुमची दाढ?"

"दाढ कवळीची आहे माझी," आत्या म्हणाल्या. "इतके दिवस लवंगा चघळतेय. तुझी सर्दी?"

"कसली सर्दी. तुम्ही मला त्या वाफेने शिजवून काढलंत."

दोघांनाही राग आला तो याचा, की एवढं मोठं गुपित आपण एकट्याने सांभाळतोय असं समजून ते इतके दिवस छाती फुगवून वावरले, आणि प्रत्यक्षात ते तिघांत वाटलेलं होतं. फसले ते एकटे साहेब. धाकटीला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांना धार लागली.

"एकमेकांना तरी बोलायचंत," ती म्हणाली.

"सगळ्यांचे गुण देऊन होईपर्यंत आपलं मत सांगायचं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "तू अजून दिले नव्हतेस."

"आणि काही झालं असतं तर, बाई? मागच्या वेळेसारखं?"

बाईंनी तिच्या कप्प्यातला लाल दिवा बंद केला. "तर कुणाला काही सांगायची वेळ तुझ्यावर आली नसती," त्या म्हणाल्या. "आम्हाला काही माहीतच नव्हतं."

धाकटी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. बाई ठेंगण्या असल्यामुळे तिला बरंच वाकावं लागलं. "पुरे," बाई थोड्या वेळाने म्हणाल्या. "वाट्या थांबल्यायत." त्यांचं नाक या वेळी खरोखर बंद झालं होतं.

त्या दिवशी धाकटी आपला डबा आणि उशी घेऊन कचेरीत निघाली, तर जिन्यात पॅकिंगमधले काका भेटले. त्यांनी उशीकडे बघितलं, कचेरीच्या दाराकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा फुलला.

"दुसरं वाटतं?" ते म्हणाले.

धाकटी पायरीवर थांबली. मग म्हणाली, "हो, काका. दुसरं."